सव्वा मूठ

आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी नाक मुरडायला नको. मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. आत जखमा होतात, रक्त पडतं आणि दिवसातून आठ-दहा वेळा धावावं लागतं. माणूस यात मरत नाही आणि बराही होत नाही. सुरतचे डॉक्टर म्हणाले, हा आता तुमचा जन्माचा सोबती. मी म्हटलं, चला, एक तरी मिळाला. ते हसले नाहीत. त्यांच्या केबिनबाहेर पन्नास माणसं बसली होती.

नाव यामिनी, वय चव्वेचाळीस. शहाद्याला एका शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर अर्धं झाड काढून पळत सुटणारी बाई शाळेने चार वर्षं ठेवली, तेही खूप झालं. सासर दोंडाईच्याला होतं. नवरा वाईट नव्हता, त्याला बायको हवी होती आणि घरात पेशंट आली, एवढंच. तेव्हापासून अकरा वर्षं मी ब्राह्मणपुरीला भावाकडे राहते. पुढे स्लॅबचं घर, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला माझी खोली. खोलीला लागून संडास. तो गोकुळदादाने, म्हणजे माझ्या भावाने, खास माझ्यासाठी बांधून घेतला. लोक म्हणतात, बहिणीला मागे टाकली. मला विचाराल तर त्या संडासाइतकी माया माझ्यावर कुणी केलेली नाही.

घरात माणसं चार. माझी आई छबूबाई, गोकुळदादा, त्याची बायको चेतनावहिनी आणि त्यांची मुलगी ममता. ममता पुण्याला शिकते. मी पाचवी की नाही, हाच तर सगळा प्रश्न आहे.

माझं ताट, वाटी, पेला वेगळा. ताटाच्या कडेला लाल नेलपेंटचा ठिपका. तो वहिनीने लावला होता, पण तिला ठिपकासुद्धा धड गोल काढता येत नाही, म्हणून दर दिवाळीला मीच तो नव्याने काढते. वहिनी माझ्याशी कधी वाकडं बोललेली नाही. मऊ भात, पातळ वरण, ताक वेळच्या वेळी दारात ठेवते, हाक मारते आणि मी दार उघडायच्या आत परत वळते. तेवढंच वळणं मला दिसतं, दिवसातून तीनदा. अकरा वर्षं मी जेवताना कुणाचं तोंड बघितलेलं नाही.

आता माझ्या चित्रांचं सांगते. एकदा डॉक्टर जरा निवांत होते, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, म्हणाले. कामाचे असतात, त्रास देणारे असतात, नुसते बसून खाणारेही असतात. निरोगी पोटात त्यांची भरगच्च वस्ती असते. तुमच्याकडे ती विरळ झालीय, काही जाती तर उठूनच गेल्यात. परतीच्या गाडीत मी संडासाजवळची जागा धरली आणि नंदुरबारपर्यंत तेवढाच विचार करत बसले. बाहेरची माणसं उठून गेली, ते कळत होतं. आतलीही गेली म्हणजे कमाल झाली.

पण जी उरलीत ती कशी दिसतात, हे मला बघायचं होतं. चित्रकलेची बाई आहे मी, न बघता कशी राहू? पुरुषोत्तमनगरला नवनीतकाका राहतात, वडिलांचे जुने मित्र. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाच्या रसात जंतू वाढले की रस चिकट होतो, म्हणून जन्मभर जंतूंच्या पाठीमागे लागलेले. त्यांनी मला काचेच्या झाकणाच्या चपट्या बशा दिल्या आणि रीत शिकवली. चायना ग्रास, थोडी साखर, भाज्यांचं गाळलेलं पाणी. कुकरमध्ये वाफवायचं, बशीत ओतायचं, थिजलं की त्यावर हलकेच तळवा टेकवायचा. झाकण, वरून चिकटपट्टी, आणि चार दिवस कपाटात. पोटातलं काही बशीत घालायचं नाही, बशी उघडायची नाही आणि काम झालं की पुन्हा कुकरमध्ये उकळून टाकायची, अशी तीनदा शपथ घालून घेतली त्यांनी.

चौथ्या दिवशी माझा हात उगवला. खरंच सांगते, दुसरा शब्द नाही. करंगळीच्या जागी पिवळे ठिपके, तळव्याच्या मध्यावर पांढरी कडी, अंगठ्याच्या मुळाशी एक केशरी थेंब आणि कडेला हिरवट बुरशीची झालर. मी तासभर बघत बसले. इतक्या वर्षांनी खोलीत माझ्याबरोबर कुणीतरी होतं. मग रोजच्या रोज बशा लावू लागले. सकाळचा हात, दुखण्यातला हात, सुरतहून आल्यावरचा हात. फोटो काढायचे, शेजारी जलरंगात तोच हात रंगवायचा आणि खाली तारीख घालायची.

आणि मग मी माती खाल्ली. एवढं सुंदर काही हाती लागलं की ते दाखवावंसं वाटतंच. मी बशी घेऊन अंगण ओलांडलं आणि ओट्याशी उभ्या असलेल्या वहिनीला म्हटलं, बघ, हा माझा हात. तिने बघितलं. पोळी तव्यावर करपली तरी ती बघतच राहिली. हे सगळं तुमच्या हातावर आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हो, असतंच, सगळ्यांच्या असतं. पहिलं वाक्य तिने ऐकलं, दुसरं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा माठ घराच्या आत गेला आणि माझ्या दाराशी वेगळा छोटा माठ आला. अकरा वर्षं मी घसा कोरडा करून सांगत होते की हा आजार लागत नाही. आणि उलटा पुरावा स्वतःच्याच हाताने नेऊन दिला. यामिनीबाई, शाबास.

या उन्हाळ्यात नवनीतकाकांनी माझे फोटो कुणाकुणाला पाठवले. ते फिरत फिरत पुण्यातल्या एका मुलीकडे गेले. ती प्रदर्शनं भरवते. दीर्घ आजार असलेल्या चित्रकारांचं एक प्रदर्शन होतं आणि विषय होता घर. तिने फोनवर विचारलं, तुमच्या घरातल्या सगळ्यांचे हात असे शेजारी शेजारी मिळतील का? एका छपराखाली राहणाऱ्यांचे सूक्ष्मजीव हळूहळू एकमेकांसारखे होत जातात, असं तिने कुठे वाचलं होतं. तिने एक फॉर्म पाठवला. त्यात रकाना होता, घरातील माणसे. मी लिहिलं, पाच. बिनदिक्कत लिहिलं आणि पाठवून दिलं.

पाच हात पाहिजे होते, आणि माझ्याकडे एक होता. दादाला विचारलं. तो म्हणाला, बघू, पुढच्या आठवड्यात. त्याचा पुढचा आठवडा मला लहानपणापासून माहीत आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, श्रावण लागला, आता हे हात देवाच्या कामाचे, यात ते जंतूबिंतू नको. ममता पुण्याला, म्हणजे राहिली वहिनी. मी तिला म्हटलं, तुझा हात लाव, म्हणजे तुला कळेल की तुझ्यावरही असतात, सगळ्यांवर असतात, आणि त्यात काही वाईट नाही. ती बराच वेळ पदराने हात पुसत उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, मन्हा हातवर बी असंच निंघनं तर मी रांधू कशी?"

तिला माझी किळस नव्हती येत, निदान एकटी माझीच नव्हती. त्या दिवशी मी तिच्यावर रागवायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

मग आल्या कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात ही देवी घरोघरी बसते, ते सांगायला नको. पण आमच्या घरची रीत सांगते, कारण तिथेच सगळं घडलं. आदल्या दिवशी, शनिवारी, रोटांचे गहू मोजायचे. मोजायचे म्हणजे माणशी सव्वा मूठ. घरातल्या प्रत्येकाने आपल्या हाताने पितळी घमेल्यात आपली सव्वा मूठ टाकायची. जो परगावी असेल त्याची मूठ आई टाकते, नाव घेऊन. ते गहू रविवारी पहाटे जात्यावर दळायचे, त्याच पिठाचे, चण्याची डाळ घालून, नैवेद्याचे जाड रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खाऊन संपवायचे. उरू द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत. मोजलेल्या गव्हाला बाहेरच्याचा हात लागला तर ते गहू नदीत सोडायचे आणि त्या वर्षी त्या घरात रोट नाहीत. आमच्या आजीच्या हयातीत असं एकदा झालं होतं आणि त्याच वर्षी माझे धाकटे काका गेले. आई हे दरवर्षी सांगते, दरवर्षी तेवढ्याच हळू आवाजात.

लग्न झालेल्या लेकीची मूठ सासरी पडते. माझी दोंडाईच्याला पडायची. ती बंद झाली, आणि इकडे सुरू झाली नाही. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. पहिल्या वर्षी आईला वाटलं, पोर परत जाईल. दुसऱ्या वर्षी कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या वर्षापासून तीच रीत झाली. पुण्यात हॉस्टेलवर झोपलेल्या ममताची सव्वा मूठ नाव घेऊन पडते आणि मी अंगणाच्या टोकाला दारात उभी राहून ते ऐकते. गव्हाचा पितळेवर आवाज होतो, तो माझ्या खोलीपर्यंत येतो.

यंदाही आला. चार नावं झाली, घमेल्यावर धुतलेलं फडकं पडलं आणि घमेलं देवघराखाली सरकवलं गेलं. दुपारी दादा आणि वहिनी नारळ, फुलं, चुनरी आणायला शहाद्याला गेले. आई पुढच्या खोलीत लवंडली. मी ताक प्यायलेला पेला ठेवायला आत गेले होते, एवढंच. घमेलं समोर दिसलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कसला प्रकाश, वीज पडली म्हणा. त्या गव्हात सगळ्यांचे हात होते. आईचा दोनदा, एकदा स्वतःसाठी आणि एकदा नातीसाठी. दादाचा, वहिनीचा. ज्यांनी मला हात दिला नव्हता ते सगळे त्या घमेल्यात होते, एकमेकांत मिसळून.

मी फडकं उचललं आणि एक मूठ काढून घेतली.

खोलीत आल्यावर तीन बशांमध्ये ते दाणे हलकेच दाबले, काढले, झाकणं लावली. मग ते दाणे कागदात बांधले. परत टाकता आले असते, पण थिजलेल्या रसाला लागलेले दाणे देवाच्या गव्हात कसे टाकणार? तेवढी लाज होती. मनाशी म्हटलं, पाच मुठींतली एक, कुणाला कळतंय. हे माझं गणित. आईच्या हाताला मूठभर गव्हाचं वजन साठ वर्षं माहीत आहे, हे मी विसरले.

रविवारी पहाटे जात्याचा आवाज येईना. आला तो आईचा. मी अंगणात आले तर तिघंही घमेल्याभोवती उभे. आईने पुन्हा मोजले होते, एकदा तिने आणि एकदा दादाने, आणि दोन्ही वेळा एक मूठ कमी. उंदीर म्हणावं तर फडकं जसंच्या तसं, आणि एकही दाणा खाली नाही. दादा म्हणाला, मोजताना चुकलं असेल. आई म्हणाली, माझं चुकत नाही. आणि मग तिने तो प्रश्न विचारला जो कुणालाच ऐकायचा नव्हता, की कमी झालेली मूठ कुणाची? कुणाची म्हणजे घरातलं कोण कमी होणार?

दादाने ममताला फोन लावला. तिने उचलला नाही. रविवारी सकाळी सहाला पुण्यातली कुठली मुलगी फोन उचलते? पण त्या घटकेला हे कुणाला सांगायचं? पुन्हा लावला. पुन्हा नाही. वहिनी खाली बसली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं, आणि तो चेहरा मला सोसवला नाही.

खरं सांगू? एक क्षण वाटलं, गप्प राहावं. दहा वाजता ममता उठेल, फोन करेल, सगळे हसतील. पण आई हसली नसती. तिने वर्षभर प्रत्येक खोकल्याला, प्रत्येक तापाला ती मूठ आठवली असती. आणि बोलावं तर त्याहून वाईट. मी घेतली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. यामिनी घरची की बाहेरची? बाहेरची असेल तर गहू नदीत, रोट नाहीत आणि वर्षभराची धास्ती, सगळी माझ्यामुळे. अकरा वर्षं कुणी तो प्रश्न विचारला नव्हता म्हणून तर मी त्या घरात राहू शकले होते.

"गहू कोनी काढात?" आईने विचारलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. चौघांत मला धरायची सवयच नव्हती तिला.

"मी काढले," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. बशा, फॉर्म, पाचाचा आकडा. कुणी हात दिला नाही म्हणून गव्हातून घेतला, हेही सांगितलं. सांगता सांगता धावायची वेळ झाली, पण मी तिथून हलले नाही. दादाने कपाळाला हात लावला. वहिनी घमेल्याकडे बघत होती. गल्लीत कुणाच्या तरी घरी कानबाईची गाणी सुरू झाली होती.

आईने घमेल्यातले दाणे बोटांनी चाळले, जणू तिथेच उत्तर सापडणार होतं. मग म्हणाली, "ती घरनीच शे. घरना हातनी घरमाच काढात. बाहेरना हात लागनाच नही."

तिने पोत्यातून सुपात गहू काढले आणि सूप माझ्यापुढे धरलं. "टाक तुन्ही मूठ."

मी पुढे झाले. वहिनी उठली, मला वाटलं आत निघून जाते. ती तांब्या आणि साबण घेऊन आली आणि म्हणाली, ताई, आधी हात धोई ल्या. मी धुतले. तिने पुन्हा पाणी घातलं, मी पुन्हा धुतले. राग आला का? आला, अगदी तळपायापासून. पण मुठीत गहू घेतले आणि राग कुठे गेला कळलं नाही. आईने नाव घेतलं. यामिनी, म्हणाली. माझं नाव त्या पितळेवर अकरा वर्षांत पहिल्यांदा पडलं. आधी मी काढलेली एक मूठ भरून घातली, मग माझी सव्वा.

आईने मला घरची म्हटलं ते मला वाचवायला की रोट वाचवायला, हे मला त्या वेळी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. दहा वाजता ममताचा फोन आला, एवढे मिस्ड कॉल कशाला म्हणून तणतणत. आई तिच्याशी बोलली आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीवर गेल्या. मी गेले नाही, तासभर चालणं आणि वाटेत आडोसा नाही, कसं जमणार? सगळे परत आल्यावर आत पंगत बसली. त्यांची भांडी वाजत होती, आणि मी खोलीत माझ्या भाताची वाट बघत होते. माझी मूठ मोजली गेली म्हणून रोट माझ्यापर्यंत येतील असं काही नव्हतं. गहू, चण्याची डाळ, तूप, यातलं काहीही माझ्या पोटाला चालत नाही, हे सगळ्या घराला पाठ आहे.

वहिनीने हाक मारली. दार उघडलं तर ती वळली नव्हती. हातात ठिपक्याचं ताट, त्यात दोन रोट, वर तूप, बाजूला खीर. मी म्हटलं, रोट उंबऱ्याबाहेर आणलेस? ती म्हणाली, आईंनी सांगितलं, अंगणाचं फाटक हाच उंबरा. मी म्हटलं, मला हे खाता येणार नाही, तुला माहीत आहे. तिला माहीत होतं. माझ्या पोटाचं वेळापत्रक माझ्यानंतर तिलाच ठाऊक आहे.

"मूठ मोजेल शे तुमनी," ती म्हणाली. "आते रोट उराले नको."

मी खायला बसले. नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती. अकरा वर्षं ज्यासाठी कान लावून बसले ते ताटात आलं होतं. पहिला घास छान लागला. दुसरा, तिसरा. पाव रोट झाला आणि पोटाने इशारा दिला. मी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा तुकडा मोडला. घशाखाली जाईना. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. मला जेवताना कुणी बघत आहे, याचीच मला सवय राहिली नव्हती.

मग ती आत आली. माझ्या खोलीत ती अकरा वर्षांत पहिल्यांदा आली होती. समोर बसली, म्हणाली, सरकवा, आणि ताट स्वतःकडे ओढलं. मी मोडलेल्या बाजूनेच तिने रोट मोडला. खीर लावून खाल्ला. दुसराही खाल्ला. ती माझ्याकडे बघत नव्हती, घाईही करत नव्हती. मध्येच म्हणाली की रोट जरा कडक झालेत, पीठ भरड दळलं गेलं. ताटाची कडसुद्धा बोटाने पुसून घेतली, अगदी ठिपक्यापर्यंत. मग उठली, अंगणात जाऊन साबणाने हात धुतले. दोनदा धुतले, मी मोजलं.

मंगळवारी मी अकरा वेळा धावले. रक्तही पडलं. खोटं कशाला बोलू, पाव रोटाची ही किंमत मला आधीच माहीत होती. पडल्या पडल्या त्या बशा बघत होते. गव्हाच्या बशा भरून आल्या होत्या, राखाडी, पिवळ्या, गुलाबी, एकात एक शिरलेल्या. फोनवर नवनीतकाकांना विचारलं, यातलं आईचं कोणतं, वहिनीचं कोणतं? ते म्हणाले, वेडी का काय, यात अर्धं तर शेतातलं, पोत्यातलं, मूठ काढणाऱ्या तुझ्या हाताचंही. नुसत्या डोळ्यांनी काय ओळखणार? पुण्याच्या मुलीला मी तसंच कळवलं. कुणाचं काय ते सांगता येत नाही, पाच माणसं आहेत एवढं नक्की. तिला ते फार आवडलं.

बुधवारपासून भात पुन्हा दारात. हाक आणि वळणं, तेच. ताट तेच, ठिपका तोच, माठही दाराशी तोच. मला वाटलं होतं, काही बदलेल. आई रोजच्यासारखी पोथी घेऊन बसली, दादा ऊस बघायला गेला. वहिनी मात्र जरा गप्प होती. दोनदा दिसली, ओट्याशी पोटावर हात ठेवून उभी.

शुक्रवारी सकाळी तिने ताक ठेवलं, हाक मारली, आणि मी दार उघडलं तेव्हा ती तिथेच होती. चेहऱ्यावर कसलंतरी नवल होतं. म्हणाली, "ताई, माले काही व्हयनं नही."

मी म्हटलं, मी सांगतच होते, हा आजार लागत नाही. तिने मान हलवली आणि गेली. दार लावून घेतल्यावर मला त्याचा अर्थ लागला. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत ती वाट बघत होती. मला जे झालं ते आपल्याला होणार, असं तिला खरंच वाटत होतं. सोमवारी माझं ताट पुढे ओढलं तेव्हाही वाटत होतं, आणि तरी तिने ते शेवटपर्यंत संपवलं.

ताक तसंच राहिलं. मी खाली बसले आणि मोठ्याने रडले, अंगणापलीकडे ऐकू गेलं तर जाऊ दे म्हटलं.